वहीतले शब्द तोंडात कसे यावेत?

या महिन्याच्या टपालातली पत्रे जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आली आहेत आणि त्यांत विचारलेल्या भाषाही वेगवेगळ्या आहेत. पण बहुतेकांची तक्रार एकच आहे : दुसऱ्या भाषेचे शब्द पाठ होतात, मात्र ऐन वेळी सापडत नाहीत. म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत. जागेअभावी काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी परिचर्येच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनीत नोकरी करण्याची इच्छा असल्यामुळे गेले आठ महिने संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकते. रोज चाळीस शब्द वहीत लिहिते, डावीकडे जर्मन आणि उजवीकडे मराठी अर्थ, आणि झोपण्यापूर्वी ते पान पाच वेळा वाचते. तीन वह्या भरल्या आहेत. पण पंधरा दिवसांपूर्वीचे पान उघडले की निम्मे शब्द परके वाटतात. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का? (एक विद्यार्थिनी, म्हसरूळ)

उत्तर : तुमच्या स्मरणशक्तीत काही उणे नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेळाने किती उरतात याची चिकाटीने मोजणी केली आणि १८८५ मध्ये ती प्रसिद्ध केली. पाठ केलेले सर्वांत वेगाने विसरते ते पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत. पुढे हा वेग मंदावत जातो, असे त्यातून दिसले. तुम्ही मात्र कालचे पान आज उघडतच नाही, आज नवे चाळीस शब्द घेता. खालून गळत असलेल्या घागरीत वरून पाणी ओतण्याचा हा प्रकार झाला. एका रात्रीत उरकलेली पाच वाचने आज, उद्या, चार दिवसांनी, बारा दिवसांनी आणि महिन्याने अशी विखरून ठेवलीत, तर श्रम तेवढेच होतील आणि शब्द कितीतरी अधिक राहतील.

याहून मोठी चूक ‘वाचण्या’त आहे. दोन्ही रकाने डोळ्यांसमोर असताना शब्द ओळखीचा वाटतो आणि तो आला अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात आपण तो आठवलेलाच नसतो. कार्पिके आणि रोडिगर या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले चाळीस शब्द दिले होते (संख्या तुमचीच आहे, हा योगायोग). एकदा आलेला शब्दही जे पुन्हा पुन्हा आठवून पाहत राहिले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द सांगता आले. ज्यांचे आठवून पाहणे बंद केले, त्यांना साधारण ३५ टक्केच आले, आणि त्यांतल्या काहींनी मधल्या काळात तेच शब्द वारंवार वाचलेही होते. तेव्हा उजवा रकाना हाताने झाका, अर्थ मोठ्याने सांगा आणि मगच हात काढा. चार दिवसांनी उलट करा : मराठी बाजू उघडी ठेवून जर्मन शब्द सांगा. हे जड जाईल, चिडचिड होईल. पण त्या जड जाण्यातच शिकणे आहे.

वहीपेक्षा चिठ्ठ्या बऱ्या. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात सांगितलेली खोक्याची पद्धत माझ्या वर्गातल्या मुली आजही वापरतात. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, त्यात पुठ्ठ्याचेच आडवे तुकडे लावून पाच कप्पे करावेत आणि प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी करावी. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात जाते. शब्द बरोबर आठवला तर ती पुढच्या कप्प्यात सरकते, चुकला तर कितव्याही कप्प्यातली असो, पहिल्यात परत येते. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने पाहावा. हट्टी शब्द आपोआप रोज समोर येतात आणि सोपे शब्द तुमचा वेळ खात नाहीत. मोबाइलवरची अॅप हेच काम करतात. पण खोक्याला सूचना येत नाहीत आणि तो उघडला की त्यातून दुसरे काही निघत नाही.

आता चिठ्ठीवर काय लिहावे, याविषयी थोडे विस्ताराने. जर्मन नाम कधीही एकटे लिहू नका. त्याचे लिंग दाखवणारे ‘देअर’, ‘दी’ किंवा ‘दास’ हे उपपद त्याच्यासोबतच पाठ झाले पाहिजे. जेवणाच्या टेबलावर चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, असा तिथला कारभार आहे. इंग्रजीतून आलेल्याला तीन लिंगे हा छळ वाटतो. मराठी माणसाला मात्र तो दरवाजा, ती खिडकी आणि ते दार हे आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते. अडचण एवढीच, की आपली लिंगे तिकडे चालत नाहीत. एका ठिकाणी मात्र गंमत आहे. जर्मनमध्ये मुलगी, म्हणजे ‘मेडशेन’, हा शब्द नपुंसकलिंगी आहे, कारण लहानपण दाखवणारा ‘शेन’ हा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकच होतो. वर्गात यावर दरवर्षी हशा होतो. तेव्हा मी कोकरू, वासरू, शिंगरू, पाखरू आणि लेकरू हे शब्द फळ्यावर लिहिते आणि त्यांची लिंगे विचारते. मग हशा थांबतो.

तसेच, एका मुळाचे शब्द एकत्र बांधा. ‘क्रांक’ म्हणजे आजारी. त्यापासून ‘क्रांकेनहाउस’ म्हणजे रुग्णालय, ‘क्रांकेनवागेन’ म्हणजे रुग्णवाहिका आणि ‘क्रांकेनकासे’ म्हणजे आरोग्यविमा देणारी संस्था. आपणही ‘रुग्ण’ या एका शब्दावर असाच डोलारा उभा केला आहे. क्रियापदही त्याच्या कर्मासकट लिहा : रक्तदाब ‘मोजणे’, पट्टी ‘बदलणे’, रक्त ‘काढणे’. मराठीत आपण रक्त काढतो, जर्मनमध्ये त्यासाठी ‘आपनेमेन’ हे क्रियापद येते, आणि तेच क्रियापद वजन उतरण्यासाठीही वापरतात. सुटा अर्थ पाठ केलेल्या मुलीला रुग्णाच्या खाटेजवळ हे उमगणार नाही.

परस्परविरोधी किंवा अगदी जवळचे शब्द मात्र एकाच दिवशी घेऊ नका. डावे आणि उजवे एकत्र शिकले, की पुढे कितीतरी महिने ते एकमेकांत अडकतात. सगळे रंग किंवा सगळी फळे एका पानावर घेतली तरी तोच घोळ होतो. ‘उजवे’ पक्के झाल्यावर आठवड्याने ‘डावे’ घ्यावे. आणि रोज चाळीस नकोत, दहा-बारा पुरेत. जर्मनच्या पहिल्या, म्हणजे ए-१ परीक्षेची शब्दयादी सुमारे ६५० शब्दांची आणि तिसऱ्या, म्हणजे बी-१ परीक्षेची सुमारे २,४०० शब्दांची आहे. तुमच्या वेगाने तर तुम्ही त्या दोन्ही केव्हाच ओलांडल्या असत्या.

प्रश्न : मी मूळचा बिहारचा असून एका बँकेच्या निफाड तालुक्यातील शाखेत कर्ज विभागात काम करतो. हिंदी आणि मराठीची लिपी एक, निम्मे शब्दही एकच, म्हणून मराठी सोपी जाईल असे वाटले होते. एका शेतकऱ्याला मी म्हणालो, “तुम्ही थोडी चेष्टा करा, कर्ज मिळेल,” तर ते उठून निघाले. दुसऱ्यांना “मुलाच्या शिक्षेसाठी कर्ज आहे” असे सांगितले आणि सगळी शाखा हसली. असे शब्द कसे ओळखावेत? (एक बँक अधिकारी, लासलगाव)

उत्तर : तुमचे पत्र मराठीतच होते आणि आम्ही त्यातल्या चारच जागा दुरुस्त केल्या, हे आधी सांगते.

दूरच्या भाषेचा शब्द आला नाही तर आपल्याला कळते की आला नाही. जवळच्या भाषेचा शब्द मात्र आल्यासारखा वाटतो आणि दगा देतो. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत ती गुन्ह्याबद्दल मिळते. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘आपत्ति’ तुमच्याकडे हरकत असते, आमच्याकडे ‘आपत्ती’ म्हणजे महापूर. ‘यातायात’ तुमच्याकडे रस्त्यावरून धावते, आमच्याकडे ती दगदग असते. तुम्ही ‘खाली’ फॉर्म मागितलात तर ग्राहक टेबलाच्या खाली पाहील. अशा शब्दांची वेगळी वही करा आणि त्यात अर्थापेक्षा प्रसंग लिहा. चेष्टा ऐकून उठून गेलेले ते गृहस्थ तुम्हाला जन्मभर विसरायचे नाहीत, तेव्हा तो शब्दही विसरणार नाही. फजिती ही स्मरणाची फार चांगली खुंटी आहे.

पण तुमचे खरे काम कोशातल्या शब्दांनी भागणार नाही. तुमच्या टेबलासमोर बसलेला माणूस म्हणतो, “साहेब, यंदा नवं-जुनं करून द्या.” यातले दोन्ही शब्द तुम्हाला येतात आणि तरीही वाक्य कळत नाही, कारण जुने पीककर्ज भरून लगेच नवे उचलण्याला इथे नवं-जुनं करणे म्हणतात. सातबाऱ्यावर बोजा ‘चढतो’ आणि कर्ज फिटले की ‘उतरतो’. तो ओझ्यासारखा ‘उचलता’ येत नाही. बाजार समितीत कांद्याला भाव ‘लागतो’, आवक वाढली की भाव ‘पडतात’, आणि माल विकल्याची ‘पट्टी’ हातात येते, जिचा जखमेच्या पट्टीशी काही संबंध नाही. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत टिकतो, लाल कांदा टिकत नाही, आणि बारीक मालाला गोल्टी म्हणतात, हे तुम्हाला कोणताही शिक्षक शिकवणार नाही. लिलावाच्या वेळी सकाळी तासभर नुसते उभे राहा. काही विचारू नका, फक्त ऐका. रात्री त्यातली पाच वाक्ये जशीच्या तशी, न सुधारता उतरवून काढा.

‘लागणे’ हे एकच क्रियापद महिनाभर पुरेल. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, दम लागतो, नोकरी लागते, दार लागते, नाद लागतो. यांतले काही प्रयोग तुमच्या ‘लगना’सारखेच आहेत, त्यामुळे अर्धे काम झालेलेच आहे. उरलेल्यांत फसगत आहे. नाशिकच्या बसस्थानकावर सापुताऱ्याची बस फलाटाला ‘लागली’ म्हणजे उभी राहिली. शेजारची बाई “मला बस लागते” म्हणाली, तर मात्र तिला खिडकीची जागा द्या, कारण घाटात तिला उलटी होणार आहे.

प्रश्न : मी गृहिणी आहे. इंग्रजी वृत्तपत्र मी रोज वाचते आणि क्वचितच शब्दकोश उघडावा लागतो. पण सोसायटीच्या सभेत किंवा नातवाच्या शाळेत बोलायची वेळ आली की साधे शब्दही आठवत नाहीत. एवढे वाचूनही असे का व्हावे? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : समोर आलेला शब्द ओळखणे आणि गरज पडताच तो काढणे, या दोन वेगळ्या क्षमता आहेत आणि एकीमुळे दुसरी आपोआप येत नाही. प्रत्येकाचा ओळखीच्या शब्दांचा साठा वापरातल्या शब्दांपेक्षा मोठा असतो, मातृभाषेतसुद्धा. ‘किंकर्तव्यमूढ’ हा शब्द तुम्हाला कळतो. पण तुम्ही तो मागच्या वर्षभरात कधी उच्चारला?

तुम्ही वाचन वाढवू नका, थोडे कमी करा. रोज एकच छोटी बातमी घ्या, ती वाचा, वृत्तपत्र घडी करून ठेवा आणि तीच बातमी इंग्रजीत मोठ्याने सांगा. ऐकायला कोणी नसले तरी चालेल, पोळ्या लाटताना सांगितले तरी चालेल. जिथे अडखळाल, तिथल्या शब्दासाठी वृत्तपत्र पुन्हा उघडा. आधी अडखळून मग सापडलेला शब्द सहज वाचलेल्या शब्दापेक्षा घट्ट बसतो. सभेला जाण्यापूर्वी, पाणी, वाहनतळ आणि देखभाल शुल्क यांवर तुम्हाला जे म्हणायचे आहे, ती सहा-सात वाक्ये घरी बोलून पाहा. सभेचे विषय दर वेळी तेच असतात, हा तुमचा फायदाच आहे.

प्रश्न : इंग्रजीचे किती शब्द आले म्हणजे पुरेसे झाले? (एक विद्यार्थी, सिन्नर)

उत्तर : कशासाठी पुरेसे, यावर ते अवलंबून आहे. मायकल वेस्ट हे ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केलेले इंग्रज शिक्षणतज्ज्ञ; त्यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण मजकुरातल्या दर शंभर शब्दांपैकी ऐंशीच्या आसपास एवढ्या शब्दांत येतात. ऐकायला हे छान वाटते, पण पाचातला एक शब्द अडत असेल तर वृत्तपत्र वाचता येत नाही. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांच्या २००६ मधील हिशेबानुसार, शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवे असतील तर छापील मजकुरासाठी आठ ते नऊ हजार आणि बोलण्यासाठी सहा ते सात हजार शब्दकुले लागतात. शब्दकुल म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे. तेव्हा पहिले दोन हजार चिठ्ठ्या करून पक्के करा, पुढचे वाचनातून गोळा करा. शब्दकोश पहिल्या पानापासून पाठ करण्याच्या फंदात पडू नका. तरुणपणी मी रशियनच्या बाबतीत हा उद्योग केला होता आणि चौथ्या अक्षरावर दमले. त्यानंतर बरेच दिवस मला फक्त वर्णमालेच्या सुरुवातीच्या वस्तूंविषयीच बोलता येत असे.

प्रश्न : आमच्या लहानपणी गुरुजी अमरकोश हा संस्कृतचा पद्यमय शब्दकोश घोकून घेत. अर्थ न कळताही श्लोक पाठ होत आणि आज पंचाहत्तरीतही ते मुखोद्गत आहेत. आजचे शिक्षक पाठांतराला नावे ठेवतात, हे बरोबर आहे का? (एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी)

उत्तर : मी पाठांतराला नावे ठेवत नाही, एकट्या शब्दाच्या पाठांतराला ठेवते. अमरकोशाची रचना पाहिली तर त्यात आजच्या पद्धतीचे बरेच काही सापडते. सुमारे दीड हजार श्लोक, बहुतेक अनुष्टुभ छंदात, त्यामुळे एक शब्द निसटला तर चाल अडखळते आणि चूक लगेच कळते. मांडणी विषयवार आहे, तीन कांडांत. आणि त्याचे मूळ नाव ‘नामलिंगानुशासन’ आहे, म्हणजे शब्द त्याच्या लिंगासकट शिकवावा, ही जाण त्या नावातच आहे. म्हसरूळच्या विद्यार्थिनीला वर जे सांगितले तेच हे. शिवाय गुरुजी दुसऱ्या दिवशी पुस्तक न देता म्हणायला लावत, म्हणजे आठवून पाहण्याची परीक्षा रोजचीच होती.

फरक पुढे पडतो. त्या काळच्या विद्यार्थ्याला पाठ केलेले शब्द नंतर काव्यात, टीकेत आणि शास्त्रार्थात पदोपदी भेटत. तुम्हाला आज श्लोक आठवतो. पण त्यातल्या एखाद्या सुट्या शब्दाचा अर्थ विचारला, तर श्लोक पहिल्यापासून म्हणत तिथवर यावे लागते का, हे एकदा करून पाहा आणि आम्हाला कळवा. ज्या शब्दांच्या बाबतीत तसे करावे लागत नाही, ते बहुधा तुम्हाला पुढे वाचनात भेटलेले असतील.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. मुले घरी अहिराणी बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना दुसऱ्या भाषेसारखीच वाटते. अहिराणी शब्द आला की मी लगेच दुरुस्त करतो, पण त्यामुळे मुले वर्गात बोलेनाशी झाली आहेत. (एक शिक्षक, कळवण तालुका)

उत्तर : दुरुस्ती थांबवा. मुलाने ‘आंडोर’ म्हटले तर तो चुकलेला नाही. मुलगा या अर्थाचा शब्द त्याच्याजवळ आहे, त्याला फक्त त्याचा दुसरा शब्द हवा आहे. सहा वर्षांच्या मुलाला वस्तू ठाऊक असते, कल्पना ठाऊक असते, नवे असते ते फक्त नाव, आणि हे काम परक्या देशात गेलेल्या माणसाच्या कामापेक्षा पुष्कळ सोपे आहे. तुम्ही जुने नाव काढून घेतलेत, तर नवे नाव टांगायला खुंटी उरत नाही.

फळ्याचे दोन भाग करा, एकावर ‘घरचा शब्द’ आणि दुसऱ्यावर ‘पुस्तकातला शब्द’ असे लिहा. घरचा शब्द मुलांनी सांगायचा, पुस्तकातला तुम्ही द्यायचा. घरच्या शब्दांच्या बाजूला मुले तुमचे शिक्षक असतील आणि तुमचे उच्चार चुकतील, तेव्हा ती हसतील, हसू द्या. चित्र काढून सुरुवात करणे सर्वांत सोपे. डांगराचे चित्र काढा आणि नाव विचारा. खानदेशाकडची मुले ‘डांगर’ म्हणतील, तुम्ही शेजारी ‘लाल भोपळा’ लिहाल. वर्गात एखादे मूल कोकणातून बदलून आलेल्या कर्मचाऱ्याचे असेल, तर ते मात्र अडून बसेल. कारण त्याच्या घरी डांगर म्हणजे पापडाच्या पिठाचे, ताटात वाढायचे तोंडीलावणे. मग फळ्यावर तिसरा भाग करावा लागेल.